परदेशातली वकिली आणि घरची सनद

नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव आज शहरात फारसे कोणाला ठाऊक नसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. गुणवत्तेच्या बळावर त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ मध्ये विशेष परवानगीने कायद्याच्या पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. लंडनमधील सॉलिसिटरच्या कचेरीत त्यांनी कामाचा अनुभवही घेतला.

एवढी शिदोरी घेऊन त्या मायदेशी परतल्या, तेव्हा येथील न्यायालयांची दारे बंद होती. त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. १८९७ मध्ये पूर्ण केली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा १८९९ मध्ये दिली. तरीही सनद मिळाली नाही. शेवटी १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून त्यांना नेमणूक मिळाली आणि पडद्यात राहणाऱ्या शेकडो स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न त्यांनी सोडवले. स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ मध्ये झाला आणि त्यानंतर कोलकात्यात त्यांनी वकिली सुरू केली. ऑक्सफर्डची परीक्षा देऊन तोवर तीन दशके उलटली होती.

आज स्त्री म्हणून कोणाला सनद नाकारली जात नाही. परंतु या कहाणीतला दुसरा धागा अजूनही तुटलेला नाही. परदेशात मिळवलेली विद्या आणि अनुभव कितीही मोठा असला, तरी येथील न्यायालयात उभे राहण्याचा हक्क येथील नियमच ठरवतात. नाशिकच्या विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी हल्ली लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो, दुबई वा सिंगापूरची वाट धरण्याचा विचार करतात. त्यांच्या पालकांचा प्रश्न मात्र साधा असतो : चार-पाच वर्षांनी मुलगा किंवा मुलगी परत आली, तर येथे तिचे स्थान काय?

बॅरिस्टरांचा काळ

एके काळी या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाच्या नावामागे ती पदवी जन्मभर लागत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरांचे वेगळे स्थान होते आणि सॉलिसिटरमार्फतच त्यांच्याकडे काम येई. परंतु प्रतिष्ठा आणि प्रकरणे या दोन गोष्टी तेव्हाही एक नव्हत्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण बोलके आहे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज् इन असा प्रवास करून १९२३ मध्ये ते मुंबईस परतले. सनदेसाठी लागणारे पैसेही जवळ नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी ती अडचण दूर केली. सॉलिसिटरांकडून काम मिळणे जातीभेदामुळे दुरापास्त होते. उपजीविकेसाठी १९२५ पासून त्यांना बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्राच्या संस्थेत अर्धवेळ शिकवावे लागले. पुण्यातील 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात १९२६ मध्ये केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या बाजूने त्यांनी केलेल्या यशस्वी युक्तिवादामुळे वकील म्हणून त्यांचे नाव झाले. म्हणजे पदवी विलायतेची असली, तरी लौकिक मिळाला तो येथील न्यायालयात आणि येथील माणसांच्या कामातून.

नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांची गोष्ट निराळी. १९०६ मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज् इनच्या परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु राजकीय कार्यामुळे त्यांना बॅरिस्टरची सनद देण्यात आली नाही. परीक्षा आणि सनद यांत किती अंतर असू शकते, याचे हे नाशिककरांना जवळचे असे उदाहरण.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकिलांचे वेगवेगळे वर्ग मोडीत काढून 'अॅडव्होकेट' हा एकच वर्ग ठेवला. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांना त्या आधारे येथे नोंदणी करता येत असे. ती तारीख उलटली आणि केवळ विलायतेच्या सनदेवर भारतात वकिली करण्याचा मार्ग बंद झाला. आज लंडनमध्ये सॉलिसिटर किंवा न्यूयॉर्कमध्ये अॅटर्नी झालेल्या भारतीयाला नाशिकच्या न्यायालयात उभे राहायचे असेल, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलसारख्या एखाद्या राज्य परिषदेच्या नामावलीत त्याचे नाव असावेच लागते.

सनद आधी की विमान आधी?

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांची पहिली चूक येथेच होते. एलएल.बी. झाल्याबरोबर एलएल.एम.साठी विमान पकडायचे आणि सनदेचे नंतर पाहू, असा विचार केला जातो. २००९-१० नंतर पदवी घेतलेल्यांना नोंदणीखेरीज अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही परीक्षा वैध ठरवली आहे. नोंदणी आणि ही परीक्षा या दोन्ही गोष्टी जाण्यापूर्वी उरकून घेतल्यास परतल्यावर वर्ष वाया जात नाही. नोंदणीचा खर्चही आता फार नाही. राज्य परिषदांनी खुल्या गटासाठी ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला.

ज्यांनी कायद्याची मूळ पदवीच परदेशातून घेतली आहे, त्यांची वाट अधिक लांबची आहे. ते विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेचे असावे लागते आणि त्यानंतर पात्रता परीक्षा द्यावी लागते. प्रवेश घेण्यापूर्वीच ही मान्यता तपासणे शहाणपणाचे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तशी नोकरी धरल्यास राज्य परिषदेला कळवावे लागते आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. एखाद्या बँकेच्या वा कंपनीच्या विधी विभागात दुबईला नोकरी मिळाली, तर हा नियम लागू होतो. परदेशी लॉ फर्ममधील पगारी पदाबाबतही राज्य परिषदेस लेखी कळवून सनद स्वेच्छेने स्थगित ठेवणे हा सुरक्षित मार्ग. परतल्यावर अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. न कळवता गेलेल्या माणसाला मात्र ऐन मोक्याच्या वेळी, एखाद्या नेमणुकीच्या पडताळणीत, याचे उत्तर द्यावे लागू शकते.

तिसरी बाब नागरिकत्वाची. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ नुसार नोंदणीसाठी भारतीय नागरिकत्व ही मूळ अट आहे. परदेशी नागरिकाचा विचार परस्पर सवलतीच्या तत्त्वावरच होतो. परदेशाचे नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड मिळवलेल्यांना वकिलीसारख्या व्यवसायांत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वागवावे, असे केंद्राच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेत म्हटले आहे. मात्र ते संबंधित कायद्यांतील तरतुदींना धरूनच. सर्वोच्च वा उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद ओसीआय कार्डधारकाला मिळू शकत नाही. न्यायासनाचे स्वप्न पाहणाऱ्याने नागरिकत्वाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी याचा विचार करावा.

वर्षे कशी मोजली जातात?

परदेशातील अनुभवाचा खरा फटका बसतो तो वर्षांच्या हिशेबात. आपल्या व्यवस्थेत अनेक पदे 'वकिलीची इतकी वर्षे' या मापावर बेतलेली आहेत आणि हे माप येथील वकिलीचे आहे.

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा लागू केली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून धरली जातात. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायालयीन अधिकाऱ्याची मान्यता लागते. सिंगापूरच्या कचेरीत करारनामे तपासण्यात घालवलेली वर्षे या प्रमाणपत्रात कशी बसणार, हे उघड आहे.

जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी घटनेच्या कलम २३३ मध्ये सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. ही सात वर्षे अर्जाच्या वेळेपर्यंत सलग असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दीपक अगरवाल खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे पाच वर्षे नाशिकला वकिली, तीन वर्षे लंडनला नोकरी आणि परतल्यावर दोन वर्षे वकिली अशी बेरीज करून सात होत नाहीत. सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी सात वर्षे आणि नोटरीसाठी सर्वसाधारण गटात दहा वर्षांची वकिली लागते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी नोटरीची अट सात वर्षांची आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी वकिलांमधून निवड करताना दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली पाहिली जाते.

म्हणून न्यायसेवेत जायचे ज्याने ठरवले आहे, त्याने परदेशी नोकरीचा मोह टाळावा किंवा तो मुक्काम अगदी छोटा ठेवावा. ज्याला कंपन्यांच्या कायद्यात, लवादात वा सल्लागारीत रस आहे, त्याच्या दृष्टीने या वर्षांचे मोल वेगळे आहे.

छोटा मुक्काम, मोठा मुक्काम

माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी हार्वर्डमधून एलएल.एम. आणि डॉक्टरेट केली, अमेरिकेतील एका नामांकित लॉ फर्ममध्ये काही काळ काम केले आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९९८ मध्ये ते ज्येष्ठ वकील झाले आणि २००० मध्ये न्यायाधीश. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनीही हार्वर्डनंतर न्यूयॉर्कमध्ये वर्षभर काम करून मायदेशीच्या न्यायालयाची वाट धरली. दोघांच्याही घरी वकिलीची परंपरा होती हे खरे. पण दोघांचाही परदेशातला नोकरीचा मुक्काम थोडका होता, हेही तितकेच खरे.

उलट दिशेचे उदाहरण हरीश साळवे यांचे. नागपूरला वाढलेल्या साळवे यांनी आधी दिल्लीत नाव कमावले, १९९९ ते २००२ या काळात ते सॉलिसिटर जनरल होते आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी इंग्लंडच्या वकिलीत उतरून २०२० मध्ये तेथील क्वीन्स कौन्सेल झाले. घरची पत पक्की झाल्यावर परदेशी जाण्यात गमावण्यासारखे फारसे उरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वसामान्य तरुण वकील असतो. पहिली पाच-सात वर्षे ही वकिलीत पेरणीची वर्षे. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसायचे, तारखा घ्यायच्या, साक्षीपुरावा कसा नोंदवतात ते पाहायचे, बारमध्ये ओळखी करायच्या, शिरस्तेदारापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना आपला चेहरा माहीत व्हायचा. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी अशील वकिलाकडे येतो तो बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून. सातबारा, फेरफार, वाटणीचे दावे, सहकारी संस्थांचे तंटे, कामगार न्यायालयातील प्रकरणे हे येथील रोजचे काम. जिल्ह्यातील न्यायालयांत मराठीतून दावे लिहावे लागतात, साक्षीदाराची उलटतपासणी मराठीतून घ्यावी लागते. ही कला लंडनमध्ये शिकता येत नाही.

शिवाय कायदा थांबून राहत नाही. २०१९ मध्ये गेलेला वकील आज परतला, तर त्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलेली दिसेल. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदललेले दिसतील. मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये झाला. पाठ असलेले कलमांचे आकडे बदलल्यामुळे येथे असलेल्यांचीही तारांबळ उडाली. बाहेर असलेल्याला तर नव्याने अभ्यासाला बसावे लागते.

अनुभवाला गिऱ्हाईक कोठे?

मग परदेशातील वर्षे फुकट जातात काय? मुळीच नाही. मात्र त्यांना मोल देणारी बाजारपेठ ओळखावी लागते.

पहिली बाजारपेठ मुंबईतील मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्यांचे विधी विभाग. परदेशी गुंतवणूक, कंपन्यांचे विलीनीकरण, आंतरराष्ट्रीय लवाद अशा कामांत इंग्लंड-अमेरिकेतील करारांची पद्धत माहीत असणारा माणूस उपयोगी पडतो. परदेशी लॉ फर्मना मात्र भारतात मोकळे रान नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये 'लॉयर्स कलेक्टिव्ह' खटल्यात त्यांच्या येथील संपर्क कार्यालयांना दिलेली परवानगी बेकायदा ठरवली आणि न्यायालयाबाहेरचे सल्ल्याचे कामही वकिलीतच मोडते असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये परदेशी वकिलांना सल्ल्यासाठी अधूनमधून येण्यापुरती मुभा दिली. त्यानंतर बार कौन्सिलने मार्च २०२३ मध्ये नियम जाहीर करून परदेशी कायदा व आंतरराष्ट्रीय लवादाच्या कामासाठी परस्पर सवलतीच्या तत्त्वावर नोंदणीची वाट उघडली आणि मे २०२५ मध्ये हे नियम सुधारले. भारतीय न्यायालयांत उभे राहण्याची मुभा त्यात नाही. दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या भारतीय वकिलांना या बदलाने संधी वाढाव्यात अशी अपेक्षा आहे.

दुसरी बाजारपेठ नाशिकचीच आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. येथील द्राक्षे युरोपात जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर नाकारले, तेव्हा नुकसान कोणी सोसायचे हा प्रश्न निर्यातदार, विमा कंपनी आणि तिकडच्या खरेदीदारांमध्ये उभा राहणे अपरिहार्य होते. त्याचे उत्तर करारातील कलमांवर अवलंबून असते आणि असे करार अनेकदा परदेशी कायद्याला बांधलेले असतात. कांद्याचेही तसेच. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. अशा वेळी आधी केलेल्या सौद्यांचे काय? 'फोर्स मेजर' म्हणून ओळखले जाणारे कलम नीट लिहिले असेल तर व्यापारी वाचतो, नसेल तर भरपाईचा दावा अंगावर येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे पुरवठा करार आणि वाइन उद्योगाचे परदेशी भागीदारीचे करार हेही याच जातीचे काम.

तिसरे क्षेत्र परदेशस्थ नाशिककरांचे. अमेरिकेत झालेला घटस्फोट येथे चालतो का, मुलाचा ताबा कोणाकडे, आईवडिलांच्या जागेची वाटणी तिकडून कशी करायची, कुलमुखत्यारपत्र कोठे नोंदवायचे, या प्रश्नांना घरोघरी तोंड द्यावे लागते. परदेशी घटस्फोटाला येथे केव्हा मान्यता मिळते याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात घालून दिले. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, ही साधी गोष्टही अनेकांना उशिरा कळते.

पैशांच्या हुकूमनाम्यांचेही असेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार ब्रिटन, सिंगापूर यांसारख्या अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावणीस येतात. संयुक्त अरब अमिरातीचा समावेश जानेवारी २०२० मध्ये झाला. म्हणजे दुबईत कर्ज बुडवून नाशिकला परतलेल्या माणसाविरुद्धचा तिकडचा हुकूमनामा येथील जिल्हा न्यायालयात दाखल होऊ शकतो. अमेरिका या यादीत नाही. तेथील निकालाच्या आधारे येथे स्वतंत्र दावा करावा लागतो. दुबईच्या न्यायालयाचा कारभार जवळून पाहिलेला वकील अशा कामात इतरांपेक्षा दोन पावले पुढे असतो.

जाण्यापूर्वीचा हिशेब

तिकडे जाऊनही लगेच वकील होता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंड-वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी नवी पात्रता परीक्षा आहे. न्यूयॉर्कमध्ये बार परीक्षेची पात्रता आपल्या पदवीचा कालावधी व स्वरूप पाहून ठरते, कॅनडात परदेशी पदव्यांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या परीक्षा द्याव्या लागतात. दुबईच्या स्थानिक न्यायालयांची भाषा अरबी आहे. एलएल.एम.ची पदवी घेतली म्हणजे नोकरी हमखास, असे समजून कर्ज काढणाऱ्यांची निराशा होण्याचा धोका मोठा. ज्याला परतून महाविद्यालयात शिकवायचे आहे, त्याने एका वर्षाच्या परदेशी पदवीची येथील समकक्षता आधीच तपासावी.

तेव्हा निर्णयापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. माझी सनद आणि बार परीक्षा पूर्ण झाली आहे का? मला पुढे न्यायसेवेत, सरकारी वकिलीत जायचे आहे का? परदेशात मी जे काम करणार, त्याला मुंबईत वा नाशिकमध्ये कोण पैसे मोजेल? आणि शिक्षणकर्ज फिटायला जितकी वर्षे लागतील, तितकी वर्षे बाहेर राहण्याची माझी तयारी आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा. 'दोन वर्षांत परत येतो' म्हणून गेलेल्याचा मुक्काम बहुधा कर्जाचे हप्तेच ठरवतात आणि तोवर येथील पेरणीचा हंगाम निघून जातो.

गेलेल्यांनीही येथील धागा तोडू नये. वर्षातून एकदा आल्यावर बारमध्ये डोकवावे, आपल्या ज्येष्ठांना भेटावे, नवे निकाल वाचत राहावेत. परतल्यावर पहिली दोन वर्षे उत्पन्न घटणार हे गृहीत धरून गाठीशी पैसा ठेवावा आणि परदेशातील हुद्द्याचा तोरा बाजूला ठेवून पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली उभे राहण्याची तयारी ठेवावी.

कॉर्नेलिया सोराबजींपुढे नियमच आडवे आले होते. ते बदलण्याची वाट पाहण्यावाचून आणि मिळेल त्या पदावरून काम करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. आजच्या नाशिककर तरुणापुढचे नियम लिखित आहेत आणि ते जाण्यापूर्वी वाचता येतात. ते वाचून गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या अनुभवाला येथे जागा सापडते. न वाचता गेलेल्याला परतल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.